न कळण्याचे पैसे

ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की इंजिनाचा आवाज बदलायला हवा. तो बदलत नाही. अर्धा सेकंद, कधी पाऊण सेकंद काहीच होत नाही, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी गाडी एकदम पुढे जाते. आमच्याकडे याला 'गाडी पिकअप घेत नाही' म्हणतात. गॅरेजमध्ये गेलं की हेच एक वाक्य सांगितलं जातं आणि त्या वाक्यात निदान पंधरा वेगवेगळे आजार मावतात.

वाशिमच्या पाटणी चौकात अर्ध्या सेकंदाला काही किंमत नाही, तिथे सगळेच थांबलेले असतात. पण मालेगावच्या रस्त्यावर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओलांडायला तुम्ही गाडी उजवीकडे काढली आणि समोरून ट्रक येतोय, तेव्हा हिशोब बदलतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुमची गाडी विचार करेपर्यंत ट्रक अकरा मीटर जवळ आलेला असतो. शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढताना तर मागून येणाऱ्या गाड्या १२० नं येत असतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि ज्यांच्या गाडीचा काटा जन्मात सत्तरच्या पुढे गेला नव्हता असे आमच्या जिल्ह्यातले कितीतरी लोक आता त्या वेगात घुसतात. माझे बाबा त्यांतलेच. त्यांच्या सात वर्षांच्या पेट्रोल गाडीला हा आजार झाला तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो.

गाडी दुरुस्त झाली. मला जास्त बोलायचंय ते दुरुस्तीच्या बिलावरून बाबांनी विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल. पण तो प्रश्न कळायला आधी आजार कळायला हवा.

जुन्या गाड्यांत पायाचा आणि इंजिनाचा संबंध थेट होता. पेडलपासून तारेची एक केबल निघायची आणि इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवरची एक गोल चकती ओढून फिरवायची. मिस्त्री लोक तिला बटरफ्लाय म्हणतात. चकती जितकी उघडेल तितकी हवा आत, हवेच्या मानानं पेट्रोल. केबल ढिली झाली तर हाताला लागायची, तुटली तर डोळ्याला दिसायची. आताच्या गाडीत ही केबल नाही. पेडलपाशी दोन सेन्सर असतात. बऱ्याच गाड्यांत एकाचा व्होल्टेज मुद्दाम दुसऱ्याच्या निम्मा ठेवतात, म्हणजे दोघांचा मेळ बसला नाही तर एक जण खोटं बोलतोय हे लगेच कळावं. हे आकडे ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे जातात. तो इंजिनाचा वेग पाहतो, तापमान पाहतो, एसीचं ओझं पाहतो, धुराचे नियम सांभाळतो, आणि मग ठरवतो की चकती किती उघडायची. चकती फिरवायला एक छोटी मोटर असते.

म्हणजे पूर्वी पाय हुकूम द्यायचा, आता तो अर्ज करतो. तहसील कचेरीत एकदा तरी जाऊन आलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायला नको. अर्ज दिला हे नक्की असतं, काम झालं नाही हेही नक्की असतं, मधल्या कोणत्या टेबलावर कागद अडकलाय ते बाहेरून दिसत नाही. पेडलखाली मॅट सरकून पेडल पूर्ण दाबलंच जात नसेल. पेडलचा सेन्सर झिजला असेल. एअर फिल्टर चोक झाला असेल (ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्याकडची हवा खाता येते). चकतीवर कार्बन साचलं असेल, पेट्रोलचा पंप दाब देत नसेल, प्लग कमजोर असतील. इंजिन वेळेवर ऐकत असेल पण क्लच घसरत असेल. किंवा ब्रेक चिकटल्यामुळे गाडी स्वतःशीच ओढाताण करत असेल. शिवाय थोडा उशीर कंपनीनंच घातलेला असतो, गाडीनं हिसके देऊ नयेत म्हणून. तेवढा उशीर आजारात मोजायचा नाही.

बाबा आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेले होते. तिथे सांगितलं, थ्रॉटल बॉडी असेंब्ली बदलावी लागेल, चौदा हजार. त्यानं नक्की फरक पडेल का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "बदलून पाहू." या दोन शब्दांतला 'पाहू' त्यांचा होता आणि 'बदलून' आमच्या खर्चानं.

मग वाशिममधल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही, आधी प्रश्न विचारले. गार असताना अटकते का गरम झाल्यावर? एसी लावल्यावर जास्त वाटते का? एकदमच सुरू झालं का हळूहळू वाढत गेलं? रोज किती चालते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर होतं, घर ते शाळा तीन किलोमीटर आणि परत. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. मिस्त्रींनी मान हलवली आणि पेडलखाली हात घालून आधी मॅट ओढून काढली. बाबांनी मॅटवर मॅट टाकली होती. गाडी चालवून पाहिली. उशीर तसाच.

माझ्याकडे ब्लूटूथचा एक डोंगल होता. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो लावला की फोनवर इंजिनाचे आकडे दिसतात. एकही एरर कोड नव्हता. "कोड नाई म्हणून बिमारी नाई, असं नसते भाऊ," मिस्त्री म्हणाले. ते अगदी बरोबर आहे. एखादा आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला तरच ईसीयू कोड नोंदवतो. मर्यादेच्या आत राहून सुस्तावलेली चकती त्याच्या लेखी ठणठणीत असते. पेडलचा आकडा मात्र पायाबरोबर सरळ वाढत होता, मध्येच उडी मारत नव्हता, त्यामुळे सेन्सरवरचा संशय कमी झाला. चकतीचा आकडा मागे पडताना दिसत होता खरा, पण स्वस्त डोंगलचे आकडे सेकंदाला दोन-चार वेळाच बदलतात. अर्ध्या सेकंदाचा उशीर गाडीचा की डोंगलचा, हे त्यावरून सांगता येईना.

तिथून पुढे त्यांनी एकेक टेबल तपासलं. चाकं उचलून हातानं फिरवली, मोकळी होती, म्हणजे ब्रेक नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून पाहिलं, काटा एकटाच वर पळाला नाही, म्हणजे क्लच नाही. एअर फिल्टर काढून झटकला, त्यातून अर्धं रान निघालं, पण दुसऱ्या गाडीचा चांगला फिल्टर घालून पाहिला तरी फरक थोडाच. पेट्रोलचा दाब मोजला, ठीक. प्लग काढून पाहिले, ठीक. दोन तास झाले होते. शेवटी हवेचा पाइप काढून टॉर्च मारला, तर चकतीच्या कडेला काळं, चिकट कडं धरलेलं.

हे कडं येतं कुठून? इंजिनाच्या पोटात तेलाची वाफ तयार होते. ती बाहेर न सोडता परत हवेच्या वाटेवर आणून जाळतात. इंजिन रोज नीट तापलंच नाही, तीन किलोमीटरवर बंद झालं, की या वाफेचा थर चकतीभोवती बसत जातो. चकती बंद जागेवरून निघताना चिकटते, मोटर जोर लावते, सुटली की जास्तच उघडते. आधी काही नाही आणि मग एकदम, ते यामुळे. मिस्त्रींनी फडक्यावर स्प्रे मारून कडं पुसून काढलं. चकती बोटानं ढकलली नाही, कारण आतल्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटू शकतात. चावी ऑन करून मला पेडल दाबून धरायला लावलं, म्हणजे ती स्वतःहून उघडेल. साफ झाल्यावर गाडी उभ्या उभ्या जास्तच रेस घेऊ लागली, कारण ईसीयूनं कचऱ्याची सवय लावून घेतली होती आणि तो अजून जुन्या हिशोबानं हवा देत होता. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवल्यावर त्यानं नवा हिशोब शिकून घेतला. उशीर गेला. पहिल्या गिअरमध्ये किंचित राहिला, तो कंपनीचा.

बिल सातशे रुपये. स्प्रेचा डबा तीनशे, मजुरी चारशे.

चौदा हजाराच्या जागी सातशे म्हटल्यावर बाबा खूश होतील असं कुणालाही वाटेल. पण बाबा म्हणाले, "बदललं तं काहीच नाही." घरी आल्यावर त्यांनी तो मुद्दा नीट मांडला. बाबा कंजूष नाहीत, त्यांना हिशोब लागतो. "पुसायला अर्धा तास लागला. त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. पण आधीचे दोन तास त्याला कळतच नव्हतं. त्याच्या न कळण्याचे पैसे मी कायले देऊ? मला एखादं गणित येत नसलं तर मी रात्री घरी बसून सोडवतो आणि मग वर्गात जातो. पोरांच्या तासात शोधत बसत नाही."

माझ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं. मिस्त्रीला बाबांची गाडी रात्री घरी नेऊन सोडवता आली नसती, एवढं म्हणता येईल. गणित सगळ्यांचं सारखं असतं, आजार त्या त्या गाडीचा असतो. पण त्यानं प्रश्न मिटत नाही. कोणी तरी न कळण्यात दोन तास घालवलेच. ते कुणाच्या खात्यावर टाकायचे?

माझ्या स्वतःच्या बाबतीत हा प्रश्न कधी उठला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. 'पान कधीकधी उशिरा उघडतं' अशी तक्रार आली की आमच्याकडे दोन-दोन दिवस कुणाला काही कळत नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हणतो, "अजून शोधतोय," आणि सगळे मान डोलावतात. त्या दोन दिवसांचा पगार कापत नाहीत. कारण सापडल्यावर मी जो अहवाल लिहितो त्यात कोणकोणत्या शंका चुकीच्या निघाल्या हेही लिहायचं असतं, आणि त्याचं कौतुक होतं. मिस्त्रींनी ब्रेक, क्लच, पंप आणि प्लग एकामागून एक बाद केले ते हेच काम होतं, माझ्यापेक्षा जास्त नेटकं. फरक इतकाच की पगार नावाच्या व्यवस्थेत न कळण्याचा खर्च आधीच मोजून ठेवलेला असतो आणि शेवटी तो हजारो ग्राहकांत वाटला जातो. मिस्त्रींच्या समोर एकच ग्राहक उभा असतो, हातात पाकीट धरून.

आणि तो ग्राहक वस्तू मागतो. बाबा सुटे आणायला गेले तेव्हा मिस्त्रींनी मला सांगितलं, "पार्ट बदलला असता तं दोन हजार हसत देले असते तुमी. जुना पार्ट डब्यात घालून हातात देला की मानूस खूश." मग जरा थांबून म्हणाले की कधीकधी ते चांगले असलेले प्लगही बदलतात. शोधायला तीन तास गेलेले असतात आणि सापडतो एक सुटलेला पाइप. पाइप बसवायचे पैसे कोण देणार? मग प्लगचा सेट लावायचा आणि त्याच्या मजुरीत तीन तास बसवायचे.

हे खोटं आहे का? आहे. ग्राहकाला सांगितलेलं कारण खरं नाही आणि चांगली वस्तू भंगारात जाते. मला यात पळवाट काढायची नाही. पण हे खोटं आणि सर्व्हिस सेंटरचं 'बदलून पाहू' यांना मी एका मापानं मोजणार नाही. मिस्त्री कारण शोधून काढतात आणि शोधाची किंमत वस्तूच्या आड लपवतात. 'बदलून पाहू' मध्ये शोध घेतलेलाच नसतो, ग्राहकाच्या पैशानं अंदाज लावलेला असतो, आणि अंदाज चुकला तर तीच युक्ती पुढच्या पार्टवर. बाबांना वाटतं की सर्व्हिस सेंटर न कळण्याचे पैसे घेत नाही. ते चौदा हजार बरेचसे न कळण्याचेच होते. फक्त त्यांना पुठ्ठ्याचा खोका होता आणि त्यावर पार्ट नंबर होता.

हे फक्त गाड्यांचं नाही. आमच्या भागात तापाच्या पेशंटला डॉक्टरनं तपासून 'दोन दिवस वाट पाहू' म्हटलं तर लोक दुसरा डॉक्टर शोधतात. सलाईन लावतो तो खरा डॉक्टर. सोयाबीन पिवळं पडलं तर त्याला लोह कमी पडलं असेल, शेतात पाणी साचलं असेल, खोडमाशी असेल, पांढऱ्या माशीनं आणलेला मोझॅक असेल. चारही गोष्टींवर उपाय वेगळे, आणि मोझॅक झालेलं झाड तर औषधानं बरं होत नाही, उपटावं लागतं. पण शेतात येऊन झाड उपटून मुळं पाहायचे पैसे कुणी देत नाही. दुकानात जाऊन 'पिवळं पडलंय' म्हटलं की प्रत्येक शंकेची एकेक बाटली मिळते आणि सगळ्या एकाच पंपात जातात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याची कारणं बरीच होती, औषधं एकत्र मिसळणं हे त्यांतलं एक. अंदाजाचा खर्च नेहमी पैशांतच द्यावा लागतो असं नाही.

गाड्यांच्या दुनियेतही 'कळलंय' म्हणण्याची घाई किती महाग पडते याचं मोठं उदाहरण आहे. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचं वादळ उठलं, म्हणजे आमच्या आजाराच्या बरोबर उलटा आजार. कंपनीनं सांगितलं की पेडल मॅटमध्ये अडकतं, काही मॉडेलं परत बोलावली आहेत, मूळ कारण दूर झालं आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा दोष आहे का हे पाहायला नासाचे इंजिनिअर लावले गेले. २०११ च्या त्यांच्या अहवालात तसा दोष सापडला नाही. २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका खटल्यात तज्ज्ञांनी थ्रॉटलच्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं आणि ज्युरीनं कंपनीला जबाबदार धरलं. नासा, तज्ज्ञ, न्यायालय, एवढी सगळी यंत्रणा लागूनही पूर्ण एकमत झालं नाही. मार्च २०१४ मध्ये कंपनीनं १.२ अब्ज डॉलर भरायचं कबूल केलं ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. आणखीही गाड्यांत मॅटचा धोका आहे आणि काही पेडल चिकटतात हे आतून ठाऊक असताना 'मूळ कारण दूर झालं' असं लोकांना सांगितलं, याबद्दल. मला ही बातमी आठवली ती मिस्त्रींनी सगळ्यात आधी मॅट काढली तेव्हा. त्यांनी मॅट काढली, गाडी चालवून पाहिली, आणि म्हणाले, "हे नाई."

दोन शब्दांचं हे वाक्य किती लोकांना परवडतं? पगारी माणसाला परवडतं. गॅरेजवाल्यानं चार वेळा 'हे नाई' म्हटलं की ग्राहकाला वाटतं याला काही येत नाही. म्हणून बाजार तिसऱ्याच गोष्टीनं भरलाय. ऑनलाइन एक छोटा डबा मिळतो, पेडल आणि ईसीयूच्या मध्ये लावायचा. तुम्ही पेडल तीस टक्के दाबलं की तो ईसीयूला पन्नास सांगतो. इंजिनाची ताकद कणभर वाढत नाही, चकतीवरचं कडं तिथेच राहतं, पण गाडी चपळ झाल्यासारखी वाटते. कुणाला हौस असेल तर त्यानं लावावा. आमच्या गाडीला तो लावला असता तर तक्रार गेली असती आणि आजार राहिला असता, आणि पुढच्या वेळी शोधणाऱ्याला एक खोटं बोलणारा साक्षीदार जास्त मिळाला असता.

एक गोष्ट बाबांच्या हिशोबात आली नव्हती. न कळण्यातला काही भाग नैसर्गिक असतो, काही भाग मुद्दाम तयार केलेला असतो. मिस्त्रींकडे त्या गाडीचं वायरिंगचं पुस्तक नाही, कंपनीचं स्कॅनर नाही. मिस्त्रींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले फोटो आहेत. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत, हे त्याचं कारण. पुढे अपिलं झाली. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' चं पोर्टलही सुरू केलं. वाशिमच्या त्या गॅरेजात मात्र पुस्तक अजून आलेलं नाही. दोन तासांतला किमान एक तास त्या न आलेल्या पुस्तकाचा होता, आणि त्याचे पैसे ना बाबांनी द्यायला हवेत ना मिस्त्रींनी सोसायला.

उरलेल्या तासाबद्दल बाबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. माझं म्हणणं, ते पैसे द्यायलाच हवेत. बाबांनी त्यावर काढलेली शंका खरी आहे. न कळण्याचे तासावर पैसे दिले तर ज्याला सगळ्यात कमी कळतं तो सगळ्यात जास्त कमावेल. मग मी म्हटलं, आधी ठरवायचं. एक तास तपासणी, दोनशे रुपये. सापडलं तर दुरुस्तीचे वेगळे, नाही सापडलं तर 'नाही सापडलं' असं स्पष्ट सांगायचं आणि काय काय तपासलं ते लिहून द्यायचं. तो कागद घेऊन आपण दुसरीकडे जाऊ शकतो. बाबा म्हणाले, कागद चांगला आहे, पण नाही सापडलं असं लिहून देणाऱ्याला दोनशे रुपये देणारा माणूस वाशिमात दाखव.

परत पुण्याला निघण्याआधी मी मिस्त्रींना हे सांगितलं. ते हसले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी तसा बोर्ड लावला होता, 'तपासणी २००, काम करा का नका करू'. दोन महिने ठेवला. लोक यायचे, बोर्ड वाचायचे आणि विचारायचे, "नुस्तं पाह्याचे दोनशे?" बोर्ड अजून गॅरेजात आहे. पालथा घालून ठेवलाय. खोललेले नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून ते त्याच्यावर मांडतात.